भाषा तीच, मुलूख निराळा

परक्या मुलखात जाणाऱ्याला तेथील भाषा येत नसली, तर त्याचे पुष्कळ अपराध पोटात घातले जातात. ‘बिचारा नवखा आहे’ असे म्हणून लोक त्याला खुणांनी समजावितात, प्रसंगी हात धरून वाट दाखवितात. परंतु जो तीच भाषा बोलत येतो, त्याची स्थिती फार चमत्कारिक होते. याला सर्व कळते असे लोक गृहीत धरतात, आणि आरंभी त्यालाही तसेच वाटते. पुढे रोजच्या बारीकसारीक गोष्टींत तो ठेचकाळू लागला, म्हणजे त्याला क्षमा मिळत नाही. कारण तो परका आहे हेच मुळी कोणाच्या ध्यानात येत नाही. इंग्लंडात राहणाऱ्या अमेरिकन माणसाचे असेच होते, हे मला आमच्या पुतणीकडून कळले. ते समजावयास मला फारसे आयास पडले नाहीत. कारण १९७४ साली जुन्नराहून माळशेज घाट उतरून, मुरबाडमार्गे, शहापुरास नांदावयास आले, तेव्हा त्याच जातीचा अनुभव मीही घेतला होता.

ही पुतणी म्हणजे माझ्या थोरल्या दिरांची एकुलती एक कन्या. भावजी १९७१ साली अमेरिकेस गेले व न्यू जर्सीत स्थायिक झाले. मुलगी तेथेच जन्मली, वाढली, शिकली. आणि अकरा वर्षांपूर्वी एका इंग्रज गृहस्थाशी विवाह करून इंग्लंडात लीड्स शहरी राहावयास गेली. नाताळच्या सुटीत ती आपल्या सात वर्षांच्या मुलीसह पंधरा दिवस शहापुरास येऊन राहिली. येण्याचे कारण निराळेच होते, ते पुढे सांगेन. पण दुपारची निजानीज झाली की आम्ही दोघी ओटीवर बसत असू, समोर माहुलीचे सुळके दिसत असत, आणि तिची लीड्समधील हकीकत चालत असे. तिचे मराठी घरगुती, क्रियापदे थोडी डळमळीत; तथापि सांगण्याची हातोटी भावजींचीच.

पहिल्याच आठवड्यात, ती म्हणाली, मला वाटले की माझ्या चेहऱ्यावर काही तरी दुखणे दिसत असावे. कारण जो तो विचारी, ‘बरी आहेस ना?’ शेजारीण विचारी, दुकानदार विचारी, कचेरीतला शिपाई विचारी. अमेरिकेत असा प्रश्न प्रकृती उतरलेल्या माणसास विचारतात. ही आपली थांबून खरेखुरे उत्तर देऊ लागे, आणि विचारणारा तोवर चार पावले पुढे गेलेला असे! तो नुसता नमस्कार होता, हे कळावयास तिला महिना लागला. मला हसू आले, कारण आपल्याकडे ‘झाला का चहा?’ असे विचारणारा तरी कुठे चहाची चौकशी करीत असतो?

याहून घोटाळ्याची गोष्ट शब्दांच्या वजनाची. कचेरीतील वरिष्ठाने तिच्या कामाला ‘क्वाइट गुड’ म्हटले. अमेरिकेच्या बोलीत त्याचा अर्थ ‘फारच छान’; इंग्लंडात बहुधा ‘ठीक आहे, चालेल’. ही आनंदाने घरी आली, आणि नवऱ्याने तिची समजूत घातली की, बाई गं, ही शाबासकी नव्हे. शब्द तोच, व्याकरण तेच, पण तराजू निराळा. खरोखरच्या तराजूचीही तीच गत. तेथे माणसाचे वजन चौदा पौंडांच्या ‘स्टोन’ नामक मापात सांगतात, पेट्रोल लिटरने घेतात आणि रस्ता मैलांनी मोजतात. हे ऐकून मला आमच्या सासूबाई आठवल्या. त्या तांदूळ अखेरपर्यंत पायलीने मोजीत आणि साखर मात्र किलोने आणवीत.

घरातल्या गोष्टी तर विचारूच नयेत. जुन्या इंग्रजी घरांत हात धुण्याच्या भांड्यावर दोन तोट्या असतात. एकीतून कढत पाणी, दुसरीतून बर्फासारखे. गार पाणी नळाचे, पिण्याजोगे. ऊन पाणी माळ्यावरच्या टाकीतले. म्हणून दोन्ही वेगळी ठेवण्याची पूर्वापार रीत. अमेरिकेत वाढलेल्या मुलीने एक हात पोळून व दुसरा गारठवून दिवस काढले. शहापुरास आमच्या न्हाणीघरात बंबाचे पाणी बादलीत काढून त्यात मी विसण घातले, ते पाहून ती एकदम म्हणाली, ‘काकू, अगं, हेच! भांड्याला बूच लावून आधी विसण करायचं असतं, हे मला तिथे कोणी सांगितलंच नाही!’ इंग्रजांना हा शब्द ठाऊक नसेल, पण कृती ठाऊक आहे. कपडे धुण्याचे यंत्र तेथे स्वयंपाकघरात असते, आणि ओले कपडे वाळविण्याचे यंत्र पुष्कळ घरांत नसते. ते खोली उबदार करणाऱ्या लोखंडी नळ्यांवर वाळत टाकतात. हे ती मोठ्या नवलाने सांगत होती. मी तिला सांगितले की, तुझा बाप लहान असताना श्रावणात त्याची दुपटी शेगडीवर टोपली पालथी घालूनच वाळविलेली असणार. कोकणच्या पावसाला दुसरा उपाय नव्हता. मी देशावरून आलेली. चार चार महिने वस्त्र वाळत नाही ही कल्पनाच मला नव्हती, आणि मला ती आधी कोणी सांगितलीही नव्हती.

एक गोष्ट मात्र मला फार गमतीची वाटली. अमेरिकन माणसाला इंग्लंडात जे जे अडते, त्यांतले बरेचसे शहापूरच्या माणसाला अडत नाही. गाडी डाव्या बाजूने चालवावयाची. अमेरिकेचा परवाना बारा महिनेच चालतो, पुढे तेथील परीक्षा द्यावी लागते, ती तिने दिली. तळमजल्याच्या वरचा तो पहिला मजला. अमेरिकेत तळमजलाच पहिला. तारखेत दिवस आधी, महिना मागून. विजेचा दाब २३० व्होल्ट. तिचे केस वाळविण्याचे अमेरिकन यंत्र १२० व्होल्टचे, ते पहिल्याच दिवशी जळाले. भिंतीवरच्या वीजजोडणीला शेजारी खटका. हे सर्व आमच्या घरात जसेच्या तसे आहे. आणि शब्द? बिस्कीट, पेट्रोल, लिफ्ट, टॉर्च, फूटपाथ, केमिस्ट, खोडरबरातला रबर, मोटारीचे बॉनेट. यांतील एकही शब्द या अर्थी अमेरिकेत रोजच्या बोलण्यात चालत नाही. तिने जे अकरा वर्षांत लीड्सला शिकले, ते आमच्या घरची मोलकरीण जन्मापासून बोलते! काही बाबतींत तर आम्हीच इंग्रजांहून जुने इंग्रज ठरलो. आमच्या भिंतीवरील तीन गोल छिद्रांची जोडणी मुळात विलायतचीच; तेथे १९४७ साली चौकोनी पायांची नवी पद्धत निघाली आणि जुनी मागे पडली. ज्या वर्षी ते येथून गेले त्याच वर्षी त्यांनी नवी रीत काढली, आणि आम्ही त्यांची जुनी सांभाळीत बसलो. मोटारीच्या जादा चाकाला आपण ‘स्टेपनी’ म्हणतो, ते वेल्समधील लानेल्ली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून पडलेले नाव. लीड्सच्या जावईबापूंना ते ठाऊकही नव्हते.

या दोन देशांची तुलना आपल्याकडील स्त्रियांनी फार पूर्वी केलेली आहे. आमच्या शेजारच्या कल्याणच्या जोशी घराण्यातील आनंदीबाई १८८३ साली अमेरिकेस गेल्या, त्या न्यू जर्सीतच रोझेल गावी कार्पेंटरबाईंच्या घरी उतरल्या होत्या. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियास त्यांना वैद्यकीची पदवी मिळाली, त्या समारंभास पंडिता रमाबाई इंग्लंडातून मुद्दाम गेल्या, आणि पुढे १८८९ साली त्यांनी युनायटेड स्टेट्सच्या लोकस्थितीवर मराठीत ग्रंथ लिहिला. आमची मुलगी त्यांच्या उलट दिशेने गेली, इतकेच. पण आनंदीबाई लुगडे नेसून वावरत, म्हणून त्यांच्याकडे पाहताच लोकांना कळे की ही परकी. त्यात त्रास होता, तशी सवलतही होती. आमच्या मुलीचा पोशाख तोच, भाषा तीच, पतीचे आडनावही तेच. तिला ती सवलत नाही.

सण येतो तेव्हा हे फार टोचते. अमेरिकेत नोव्हेंबरातील चौथ्या गुरुवारी कृतज्ञतेचा मोठा सण असतो. घरोघर लेकी-सुना, नातवंडे जमतात. इंग्लंडात तो साधा गुरुवार. ही कचेरीतून सायंकाळी येते आणि पुढच्या शनिवारी भोपळ्याचा गोड पदार्थ व भाजलेले बटाटे करिते. वडिलांनी शाकाहार सोडला नाही, म्हणून हिच्या घरी त्या दिवशीचा मोठा पक्षी नसतो. जेवावयास येणारी मंडळी ‘हा कसला सण?’ म्हणून प्रेमाने विचारतात, आणि ती दरवर्षी तेच उत्तर देते. मीही पहिल्या वर्षी भोगीला माहेरहून बाजरीचे पीठ आणविले होते. सासूबाईंनी भाकरी खाल्ली, नावे ठेविली नाहीत. पण तीळ लावलेली ती भाकरी त्या घरात माझ्यावाचून कोणाला आठवली नसती. आमच्या ओसरीची येथे ओटी झाली, गोवऱ्यांच्या शेणी झाल्या, आमटीतली चिंच जाऊन आमसूल आले. त्यात दुःख करण्याजोगे काही नव्हते. माझी मुले मोठी होऊन माझ्या जुन्नरी शब्दांना हसू लागली, तेव्हा मात्र काही काळ मी माझ्याच घरात पाहुणी झाले. पुतणीच्या मुलीचे तेच चालले आहे. ती आईला ‘मम’ म्हणते. हिने आपल्या आईला जन्मभर ‘मॉम’ म्हटले. पाण्याचा इंग्रजी शब्द आई उच्चारते तो चुकीचा, असे मुलीचे मत आहे. शहापुरास आल्यावर आमच्या नातवंडांचे ऐकून पोरगी ‘आई’ म्हणू लागली, तेव्हा त्या भांडणाला तेवढ्यापुरती सुटी मिळाली.

पौष पौर्णिमेस मुरबाडजवळ म्हसे येथे म्हसोबाची यात्रा भरते, गुरांचा बाजार मोठा असतो. तेथे आम्ही गेलो होतो. घाटावरून आलेल्या एका घोंगडीवाल्याशी मी भाव करू लागले. तो आमच्याच बाजूचा निघाला. बोलणे आटोपून वळते, तो पुतणी माझ्याकडे टक लावून पाहत होती. ‘काकू, तुझी बोली बदलली. आवाजसुद्धा बदलला.’ मला त्याची जाणीव नव्हती. मग म्हणाली, ‘स्टेशनवर एखादा अमेरिकन प्रवासी वाट विचारायला आला की माझंही असंच होतं. नवरा बाजूला उभा राहून पाहतो, आणि त्याला वाटतं, ही कोण बाई?’ घोंगडी मात्र महागच पडली.

आता कागदपत्रांविषयी थोडे. अमेरिकेचा कायदा असा आहे की, नागरिक जगात कोठेही राहो, त्याने आपल्या मिळकतीचा हिशेब दरसाल अमेरिकन सरकारास दिलाच पाहिजे. इंग्लंडात कर भरलेला असल्यामुळे बहुधा द्यावयाचे काही उरत नाही, पण कागद चुकत नाहीत. परदेशी पेढ्यांत मिळून दहा हजार डॉलरांहून अधिक शिल्लक झाली, तर तिचीही निराळी वर्दी द्यावी लागते. सासरी नांदत असलेल्या लेकीकडून माहेराने दर वर्षी पै-पैचा हिशेब मागावा, तसा हा प्रकार. मला तो मुळीच रुचला नाही. ब्रिटिश नागरिकत्व तिने गतवर्षी घेतले. त्यासाठी तेथील इतिहास व चालीरीती यांवर चोवीस प्रश्नांची परीक्षा असते. ती उत्तीर्ण झाल्याचे तिने वडिलांना कळविले, तेव्हा भावजी एवढेच म्हणाले, ‘म्हणजे तू आता परत येत नाहीस.’ ती मला म्हणाली, हेच वाक्य आजीने बाबांना पत्रात लिहिले होते ना? लिहिले होते. ते पत्र सासूबाईंनी मजकडूनच लिहवून घेतले होते.

आणि हेच तिच्या येण्याचे कारण. वहिनींना जाऊन तीन वर्षे झाली. भावजी एक्याऐंशीचे, न्यू जर्सीच्या घरात एकटे. मुलगी त्यांना लीड्सला नेऊ म्हणेल, तर वृद्ध मातापित्यांस आणण्याचे नियम इंग्लंडने २०१२ सालापासून इतके कडक केले आहेत की, अंथरुणाला खिळलेला आणि स्वदेशी कोणीही सांभाळणारा न मिळणारा माणूसच त्यांत बसावा. ती अमेरिकेस परत जावी, तर मुलीची शाळा, नवऱ्याचे काम. उरले शहापूर. भारतीय वंशाच्या परदेशस्थांस मिळणारे कार्ड भावजींजवळ आहे. येथे ते हवे तितके दिवस राहू शकतात. मात्र म्हाताऱ्या माणसांच्या औषधपाण्याचा अमेरिकन सरकारी विमा देशाबाहेर बहुतेक उपयोगी पडत नाही.

म्हणून ती पंधरा दिवस घर पाहत होती. न्हाणीघराची पायरी तिने टेपने मोजली, इस्पितळ किती मिनिटांवर आहे ते रिक्षाने जाऊन पाहिले, उन्हाळ्यात पाण्याचे काय करता असे विचारले. मुंबईला पाणी पाजणारी तानसा आणि भातसा याच तालुक्यात असून चैत्र-वैशाखात येथील कित्येक पाड्यांवर टँकर येतो, हे तिला खरे वाटेना. आम्ही विहिरीचे सांगितले. आमच्या घरी दोन सुना, एक मुलगा घरीच असतो. माणसांची वाण नाही. रात्री सर्वांनी बसून ठरविले की माजघरालगतची खोली मोकळी करावी. माझ्या धाकट्या सुनेने स्वतःहून तसे सुचविले, याचे मला समाधान वाटले.

भावजींना फोन लावला. ते म्हणाले, ‘शहापुरात आता मला ओळखतो कोण? भाषा माझी पन्नास वर्षांपूर्वीची. लोक हसतील.’ त्यावर पुतणीने त्यांना इंग्रजीत बरेच काही सांगितले. ते मला सगळे कळले नाही. पण मधूनच ‘काकू’ आणि ‘घोंगडी’ हे दोन शब्द ऐकू आले.

त्यांचा होकार अद्याप आलेला नाही. परवा मात्र त्यांनी आपण होऊन फोन केला आणि विचारले की, न्हाणीघरातला तांब्याचा बंब अजून चालतो का. चालतो, पण थोडा गळतो, असे मी सांगितले. तो आम्ही दुरुस्तीस कल्याणला पाठविला आहे.