नमुन्याचे लाड

लॅबची अचूकता तपासायला येणारी वेल्लोरच्या सीएमसी हॉस्पिटलची व्हायल ज्या दिवशी लावायची असते, तो दिवस लॅबमध्ये लपत नाही. एरवी पिपेटला हात न लावणारे सीनियरही अ‍ॅप्रन चढवून हजर. बाटलीच्या तळाशी वाळवलेल्या सीरमची पिवळसर वडी असते. तिच्यात मोजून डिस्टिल्ड वॉटर घालायचं आणि बाटली अलगद गोल फिरवायची. खळखळून हलवली की फेस येतो आणि प्रथिनं बिघडतात. बुचाला चिकटलेली भुकटी तशीच राहिली तर सगळेच आकडे थोडेथोडे खाली येतात. इथवरची काळजी रास्तच. पण पुढे त्या नमुन्याचा जो जावयासारखा पाहुणचार सुरू होतो, तो मला पटत नाही. खास कॅलिब्रेशन, रिएजंटची ताजी बाटली, तीन-तीन रन आणि त्यांची सरासरी! निकाल पाठवण्याआधी ओळखीच्या लॅबला फोन करणारेही आहेत: "तुमचं क्रिएटिनिन किती आलं हो?"

खरं तर तो नमुना सकाळच्या गर्दीत, ड्यूटीवर असेल त्यानेच, इतर पेशंटांच्या नळ्यांबरोबर लावायचा असतो, कारण तपासायचं असतं ते रोजचं काम. 1947 साली बेल्क आणि संडरमन या संशोधकांनी पेनसिल्व्हेनियातल्या हॉस्पिटलांच्या लॅबना एकसारखे नमुने पाठवले, तेव्हा उत्तरांतली तफावत धक्कादायक निघाली. लाड केलेल्या नमुन्यात ती दिसणारच नाही.

निकालासोबत येणारा झेड स्कोअर, म्हणजे आपला आकडा सरासरीपासून किती दूर आहे याचं माप, दोनच्या आत आला की फाईल बंद, हीही एक सवय. हा स्कोअर बहुतेक वेळा आपल्या आकड्याची आपल्याच पद्धतीच्या लॅबांच्या सरासरीशी तुलना करतो. उदाहरणार्थ, क्रिएटिनिन मोजण्याची जाफे पद्धत 1886 सालच्या रासायनिक क्रियेवर आधारलेली. स्वस्त, म्हणून अजून टिकून आहे. पण ती क्रिएटिनिनसोबत प्रथिनं, ग्लुकोज, कीटोन यांनाही थोडंफार मोजते. लहान मुलांचं क्रिएटिनिन मुळातच कमी, त्यामुळे तिथे ही भर डोळ्यांत भरते. जाफेवाल्या सगळ्याच लॅबा वर वाचत असतील, तर झेड स्कोअर शून्य येईल आणि आकडा तरीही चुकीचाच असेल.

म्हणून मी स्कोअरआधी त्याचं चिन्ह बघते. एखाद्या महिन्यात अधिक, एखाद्यात उणे, असं असेल तर चालायचंच. पण महिन्यामागून महिना नुसतं अधिकच येत राहिलं, तर प्रत्येक स्कोअर दोनच्या आत असूनही काहीतरी सरकलेलं असतं. सध्या आमचं कॅल्शियम असंच वर आहे. कॅलिब्रेटरचा लॉट बदलून जुन्या-नव्याची तुलना करायला सांगितली आहे.