हरण्याची ताटली

सकाळी दार उघडलं तर ताटलीतली दूध-भाकरी रात्री ठेवली तशीच. कडेनं मुंग्यांची रांग लागलेली, वरची भाकरी वाळून कडक झालेली. हरण्या शेवग्याच्या बुंध्याशी पुढचे पाय लांब करून पडला होता. मला बघून शेपूट हलवली, पण ताटलीकडे मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. सलग चौथा दिवस होता. मी पायरीवरच बसले. माझ्या माहेरी दोन खोल्यांच्या घरात कधी मांजरही पाळलं नव्हतं. लग्न होऊन कळंबला आले आणि दुसऱ्याच वर्षी हे पिल्लू माझ्या ओटीत आलं. ते जेवत नाही म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय, हे मनातून जाईना.

हरण्या आला तो फेब्रुवारीत, दोन महिन्यांचा. नीरा ओलांडली की सोलापूर जिल्हा लागतो. तिथल्या माळशिरस तालुक्यातल्या पाहुण्यांनी तो दिला. जात कारवानी. लांब तोंड, खोल छाती, आत ओढलेलं पोट आणि काडीसारखे पाय, म्हणून पोरांनी नाव ठेवलं हरण्या. याच वळणाच्या कुत्र्याला कर्नाटकात मुधोळ म्हणतात. टपाल खात्यानं 2005 साली चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळ होता, हे आमच्या ह्यांनी येईल त्याला सांगितलं. पहिले दोन महिने पिल्लू मिळेल ते खात होतं. एप्रिल लागला, ऊसतोडीच्या टोळ्या गावाला परतल्या, ऊन तापलं आणि ह्यानं जेवण सोडलं.

आमच्याकडे सल्ल्याला तोटा नसतो. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर इथं ऊस आणि दूध, दोन्ही चालतं. घराघरात संकरित गाई. त्यामुळे कोणत्या गाईला काय झालंय हे शेंबडं पोरही सांगेल, पण कुत्र्याच्या पिल्लाचं कुणालाच नीट सांगता येईना. कुणी म्हणालं लाडावलाय, दोन दिवस उपाशी ठेवा. कुणी म्हणालं नजर लागलीय. आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मीठमोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या. रस्त्यानं जाणारा माणूसही थांबून म्हणायचा, ‘बरगड्या मोजून घ्याव्यात की हो याच्या.’ बैलाच्या बरगड्या दिसल्या तर मालकाची मान खाली जाते असा हा मुलूख. ते बोलणं मला फार लागायचं.

मग मी एकेक करून बघायला लागले. गावरान अंडं दिलं, एक दिवस खाल्लं, दुसऱ्या दिवशी हुंगून सोडलं. पनीर दिलं. कलेजी उकडून दिली. वालचंदनगरला जाऊन पिल्लांच्या खाण्याचं पाकीट आणलं, तेही दोन दिवस चाललं. रविवारी घरात मटण शिजलं की भाकरीवर अळणी रस्सा घालायचे. तिखट नाही, मसाला नाही, म्हणजे चालेल, असं मला वाटलं. तो तेवढा चाटूनपुसून घ्यायचा आणि मला हायसं वाटायचं.

शेवटी ह्यांनी सुट्टी काढली आणि आम्ही त्याला गाडीवर पुढ्यात घेऊन बारामतीला नेलं. डॉक्टरांनी आधी वजन केलं: नऊ किलो चारशे ग्रॅम. ताप पाहिला, पायाच्या बोटांच्या बेचक्यांत आणि कानामागं गोचीड शोधले, कारण गोचिडाच्या तापातही आधी खाणंच सुटतं. लसीचं कार्ड आणि जंताच्या औषधाच्या तारखा बघितल्या. मग ओठ वर करून मला म्हणाले, ‘इकडे या, हे बघा.’ खालची हिरडी लाल आणि फुगलेली. पुढचे दोन दात पडून तिथं नवे दात डोकावत होते. बाजूचा सुळा बोटानं हलत होता. पिल्लाला दुधाचे दात 28 असतात. चौथ्या महिन्यापासून ते पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत त्या जागी 42 पक्के दात येतात. मी त्याला सकाळची भाकरी रात्री देत होते. जी माझ्या बोटांनी तुटायला जड जायची, ती हा दुखऱ्या हिरड्यांनी कशी चावणार?

तिथंच मी अळणी रश्श्याचं सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली. आपल्या अळणीत कांदा, आलं-लसूण परतलेलं असतं. कांदा-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, पुरेसा पोटात गेला तर जिवावर बेततं. द्राक्षं, मनुका आणि चॉकलेटही बंद. माझे हातपाय गार पडले. ज्या घासानं मला हायसं वाटायचं, तोच घास त्याला देण्याजोगा नव्हता. डिंकाच्या रंगाच्या डोळ्यांनी तो माझ्याकडेच बघत होता.

निघताना डॉक्टर म्हणाले, ‘दिवसभरात याच्या पोटात काय काय जातं ते एका वहीत लिहा. ताटलीतलं नको, पोटातलं.’

मला वाटलं, लिहायला आहेच काय? दुसऱ्या दिवशी वही घेऊन पहाटेपासून पडवीत बसले. साडेपाचला आत्या धार काढायला गोठ्यात गेल्या. मागोमाग हरण्या. त्यांनी कासंडीतलं दूध वाडग्यात ओतलं, वाडगं भरून. सात वाजता मामा, म्हणजे माझे सासरे, ओट्यावर चहाला बसले. खारी चहात बुडवायची, अर्धी स्वतः खायची, अर्धी त्याला द्यायची; अशा तीन. आठला शेजारची पोरगी शाळेला जाताना फाटकाच्या फटीतून टोस्ट देऊन गेली. नऊच्या सुमारास चुलतसासऱ्यांच्या दारात आदल्या दिवशीचा भात. मग मी दहा वाजता ताटली ठेवली. त्यानं हुंगली आणि शेवग्याखाली जाऊन पडला.

वही मी रात्री सगळ्यांसमोर वाचली. आवाज चढवायचा नाही, असं ठरवूनच बसले होते. आत्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, ‘जेवत नाही म्हणूनच देत होते गं. रिकाम्या पोटी कसं बघवेल?’ मामाही तेच बोलले. शेजारच्या पोरीलाही भरलेली ताटली बघूनच वाईट वाटलं होतं. कुणालाच दुसऱ्याचं ठाऊक नव्हतं. त्या एवढ्याशा जिवाच्या काळजीनं आख्खी आळी त्याला चोरून भरवत होती, आणि त्यातलं बहुतेक दूध नि मैदा. दुधानं त्याला सारखं पातळ व्हायचं, ते मी उन्हावर घातलं होतं.

डॉक्टरांनी सांगितलेली पद्धत लिहायला सोपी आहे. दिवसातून तीनदा ठरल्या वेळी ताटली ठेवायची, पंधरा-वीस मिनिटांनी उचलायची, मधे काही नाही. खाणं कोमट असावं, कारण कुत्रा जिभेपेक्षा नाकानं जास्त जेवतो आणि गरम अन्नाचा वास सुटतो. नुसत्या भाकरीवर वाढतं पिल्लू पोसत नाही, म्हणून पाकिटातलं खाणं कोमट पाण्यात मऊ भिजवून तेच मुख्य ठेवायचं, वर थोडं उकडलेलं अंडं किंवा चिकन, मीठ-मसाल्याशिवाय. कॅल्शियमची पावडर आपल्या मनानं घालायची नाही. वेळा मात्र आम्ही उन्हाप्रमाणं धरल्या: उजाडायच्या आत, दुपारी सावलीत अगदी थोडं आणि दिवस मावळल्यावर.

अमलात आणताना जीव जातो. पहिल्या दुपारी मी ताटली उचलली तेव्हा तो उठून माझ्यामागे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आला आणि तिथं बसून राहिला. आत्यांना ते बघवेना. त्या खुरपं घेऊन रानात निघून गेल्या. मी ओट्याला धरून उभी होते. संध्याकाळी त्यानं अर्धी ताटली खाल्ली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सोडली. तेव्हा मी खाली बसून नीट पाहिलं. तो घास घ्यायला तोंड घाली, स्टीलची ताटली शहाबादी फरशीवर सरकून किर्र करी, आणि तो दचकून मागं होई. मी ताटलीखाली गोणपाटाची घडी घातली. स्वतः चार पावलं मागं जाऊन पाठमोरी बसले. मागून लपलप आवाज यायला लागला तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

आठवड्याभरानं ताटली धुताना तळाशी तांदळाच्या कणीएवढं काहीतरी हाताला लागलं. दात होता. इवलासा, मुळाशी किंचित लाल. मी तो कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवलाय.

एक मात्र मी प्रत्येकाला सांगते. ही ताटली उचलायची पद्धत हसत्याखेळत्या पिल्लासाठी आहे. पिल्लू मलूल पडलं, उलट्या व्हायला लागल्या, शीमध्ये रक्त दिसलं, किंवा पूर्ण दिवसात कशालाच तोंड लावलं नाही, तर वाट बघायची नाही. त्याच महिन्यात वरच्या वस्तीवर लस न दिलेलं एक पिल्लू जेवत नव्हतं. लाडावलंय म्हणत दोन दिवस गेले, तिसऱ्या दिवशी ते गेलं. पार्वोचा आजार होता. ती माणसं निष्काळजी नव्हती, त्यांनाही माझ्यासारखंच कुणी सांगितलं नव्हतं.

बरगड्यांचं कोडं उलगडलं ते एका मेंढपाळ आजोबांनी. पावसाच्या तोंडावर त्यांचा कळप कालव्याच्या कडेनं चालला होता. त्यांनी हरण्याच्या पाठीवरून हात फिरवला, कमरेशी दोन बोटं दाबून बघितली आणि म्हणाले, ‘शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसायलाच पायजेत पोरी. ह्यो पळायचा कुत्रा हाय. ह्याला म्हशीगत केलास तर ह्याचं पाय मोडतील.’ पुढच्या खेपेला डॉक्टरांनीही तेच सांगितलं. वजन तेव्हा साडेचौदा किलो भरलं होतं.

आता तो सात महिन्यांचा आहे, दोन वेळा जेवतो. तरीही खादाड झालेला नाही. एखाद्या दिवशी निम्मं खातो, बहुतेकदा तळाशी दोन घास ठेवतोच. दिवेलागणीला आत्या गोठ्यातून हाक मारतात, ‘जेवला का गं?’

‘जेवला. दोन घास ठेवलेत.’

‘ठेवू दे. आण इकडं, कोंबड्यांना टाकते.’