कोणत्या प्रकाशातला सूर्य?

चि. भाचीस,


सूर्याच्या फोटोत काय दिसेल, हे तो कोणत्या प्रकाशात घेतला आहे यावर ठरते. सूर्याला घन पृष्ठभाग नाही. एकावर एक वायूचे थर आहेत आणि प्रत्येक थर वेगळ्या तरंगलांबीत उठून दिसतो. म्हणून एकाच तासात घेतलेल्या तीन फोटोंचे एकमेकांशी काहीच जुळत नाही असे वाटू शकते. चांगल्या फोटोखाली तरंगलांबी किंवा फिल्टरचे नाव दिलेले असते. ती ओळ आधी वाचावी, चित्र नंतर पाहावे.

सर्वांत सोपा फोटो पांढऱ्या प्रकाशातला, म्हणजे सगळे दृश्य रंग एकत्र घेऊन काढलेला. त्यासाठी दुर्बिणीच्या पुढच्या तोंडालाच सौर फिल्टर लावावा लागतो. मागे, डोळ्याजवळ लावलेला फिल्टर तापून तडकतो आणि दृष्टी जाऊ शकते. सूर्याची गोल थाळी पांढरी दिसते की नारिंगी, हे फिल्टर कोणता आहे त्यावर अवलंबून असते. त्यावरून सूर्याविषयी कोणतेही अनुमान काढू नये. या फोटोत दिसणारा थर म्हणजे दीप्तिगोल, तापमान सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस. थाळी मध्यभागी उजळ आणि कडेकडे मंद होत जाते, पण यात कॅमेऱ्याचा दोष नाही. मध्यावर आपली दृष्टी सरळ आत, खालच्या तप्त थरापर्यंत पोचते. कडेला ती तिरपी शिरते आणि वरच्या, कमी तप्त थरातच अडते.

याच फोटोत सौरडाग दिसतात. २ एप्रिल १८४५ रोजी फिझो आणि फूको या फ्रेंच शास्त्रज्ञांनी काढलेल्या सूर्याच्या डागेरोटाइपमध्येही, म्हणजे सुरुवातीच्या पद्धतीच्या छायाचित्रातही, ते स्पष्ट आहेत. मोठ्या डागाचे दोन भाग असतात: मधला गडद गाभा आणि त्याभोवतीची करडी, बारीक रेषांची किनार. गाभा काळा भासतो तो केवळ शेजारच्या तेजामुळे. त्याचे तापमान साडेतीन ते चार हजार अंश असते आणि तेवढ्याच क्षेत्रफळाच्या नितळ भागाच्या सुमारे पाव पट ऊर्जा तो बाहेर टाकतो. असा डाग एकटाच रात्रीच्या आकाशात ठेवता आला, तर पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा कितीतरी तेजस्वी दिसेल. तो शेजारपेक्षा थंड का, याचे उत्तर १९०८ मध्ये जॉर्ज हेल यांच्या माउंट विल्सनवरील निरीक्षणांतून मिळू लागले. डागात पृथ्वीच्या क्षेत्राच्या काही हजार पट प्रबळ चुंबकीय क्षेत्र असते आणि ते खालून वर येणाऱ्या तप्त वायूला रोखून धरते. पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, कोडाईकनालच्या वेधशाळेत जॉन एव्हरशेड यांना किनारीतला वायू गाभ्याकडून बाहेर वाहताना आढळला. फोटोत स्थिर वाटणाऱ्या त्या रेषा म्हणजे वाहते प्रवाह आहेत. भारतातल्या एका डोंगरावर हा शोध लागला, हे आपल्याकडे पुरेसे सांगितले जात नाही.

डाग बहुधा जोडीने किंवा गटाने येतात. सूर्याच्या फिरण्याच्या दिशेने पुढे असलेला डाग सहसा मोठा, टिकाऊ आणि विषुववृत्ताच्या किंचित जवळ असतो. जोडीतल्या दोन डागांचे चुंबकीय ध्रुव विरुद्ध असतात. थाळीवर डाग कुठे आहेत यावरून सुमारे ११ वर्षांच्या सौरचक्राचा टप्पाही कळतो. चक्राच्या आरंभी ते विषुववृत्तापासून तीसेक अंशांवर उगवतात आणि पुढे हळूहळू विषुववृत्ताकडे सरकतात. कडेजवळ, जिथे थाळी मंद असते, तिथे डागांच्या आसपास उजळ जाळीदार ठिपके दिसतात. त्यांना फॅक्युली म्हणतात. मध्यभागी ते तेजात हरवून जातात.

मोजमापाचे भान फोटो पाहताना सहज सुटते. सूर्याचा व्यास सुमारे १३ लाख ९० हजार किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या १०९ पट. थाळी १,००० पिक्सेल रुंद असेल, तर पृथ्वी नऊ पिक्सेलांत मावते. एक पिक्सेल साधारण १,४०० किलोमीटरचा होतो आणि दीप्तिगोलभर पसरलेल्या कणिकाही जवळपास तेवढ्याच असतात. तप्त वायू कणिकेच्या मधोमध वर येतो, कडेने खाली जातो आणि दहाएक मिनिटांत ती विरून जाते. कणिका एका पिक्सेलएवढ्याच होत असल्याने लहान फोटोत त्या दिसत नाहीत.

आता एच-अल्फा. हायड्रोजनच्या ६५६.३ नॅनोमीटर या लाल रेषेपुरता अतिशय अरुंद प्रकाश घेतला, की दीप्तिगोलावरचा वर्णगोल समोर येतो. इथे डागांपेक्षा त्यांच्याभोवतीचे उजळ पट्टे, प्लाज, अधिक ठळक असतात आणि थाळीवर लांबच लांब काळ्या रेघा दिसतात. या रेघा म्हणजे फिलामेंट. कडेबाहेर झळाळणाऱ्या कमानींना प्रॉमिनन्स म्हणतात. वस्तू मात्र एकच. चुंबकीय क्षेत्राने उचलून धरलेला तो वायूचा ढग भोवतालच्या किरीटापेक्षा, म्हणजे सूर्याच्या सर्वांत बाहेरच्या विरळ आवरणापेक्षा, खूप थंड आणि दाट असतो. थाळीसमोर असताना तो खालून येणारा प्रकाश शोषतो आणि काळा दिसतो. कडेवर त्याच्यामागे अंधारे आकाश असते, म्हणून त्याने विखुरलेला प्रकाश उजळ दिसतो. आज पूर्वेच्या कडेवर कमान दिसणारा ढग दोन-तीन दिवसांत थाळीवरची काळी रेघ होतो. सूर्याच्या फोटोंतली ही सर्वांत शिकवणारी जोडी आहे. प्रॉमिनन्सनेच १८६८ च्या १८ ऑगस्टच्या खग्रास ग्रहणात गुंटूरला गेलेले खगोलशास्त्रज्ञ यान्सेन यांना ग्रहणाविना ते पाहण्याची पद्धत सुचवली. खगोलशास्त्रज्ञ लॉकयर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, तशीच निरीक्षणे केली. प्रॉमिनन्सच्या वर्णपटातली पिवळी रेषा पुढे हेलियमची ठरली. विजयदुर्ग किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ म्हणून ओळखले जाणारे चौथरे लोकस्मृतीत याच ग्रहणाशी जोडलेले आहेत.

एच-अल्फा फोटोंबाबत एक सावधगिरी हवी. ते बहुतेक कृष्णधवल कॅमेऱ्याने काढून नंतर रंगवलेले असतात. काही छायाचित्रकार उठाव यावा म्हणून थाळीची उजळ-गडद छटा उलटी करतात. मग डाग आणि फिलामेंट उजळ, तर प्लाज गडद होतात. सौंदर्याला हरकत नाही, पण तसे केल्याचे खाली लिहिलेले असावे.

कॅल्शियमच्या ३९३.४ नॅनोमीटर रेषेतही वर्णगोल दिसतो. त्यात चुंबकीय क्षेत्राची उजळ जाळी स्पष्ट होते. याहून कमी तरंगलांबीचा बराचसा प्रकाश आपले वातावरण अडवते, म्हणून दुर्बीण अवकाशात न्यावी लागते. २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेल्या इस्रोच्या आदित्य-एल१ यानावरची ‘सूट’ ही दुर्बीण पुण्याच्या आयुका या संस्थेच्या नेतृत्वाखाली घडली. ती २०० ते ४०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात ११ फिल्टरांतून पूर्ण थाळी टिपते.

आणखी खाली, अतिनील प्रकाशाच्या टोकाला, नासाच्या एसडीओ यानाचे सोनेरी आणि तांबूस फोटो येतात. त्यांचे रंग हे केवळ ठरवून दिलेले संकेत आहेत. १७.१ नॅनोमीटरच्या सोनेरी फोटोत सुमारे सहा लाख अंश तापमानाचा किरीट दिसतो. लोहचुंबकाभोवती लोखंडाचा कीस जसा कमानींत मांडला जातो, तशा तेजस्वी कमानी डागांच्या गटांवर उभ्या असतात. इथे कडेचा नियम उलटतो. किरीट पारदर्शक असल्याने कडेवर त्याची जास्त जाडी नजरेत येते आणि कड उजळते. १९.३ नॅनोमीटरच्या फोटोतले मोठे गडद भाग सौरडाग नव्हेत. त्यांना किरीट-विवरे म्हणतात. तिथे चुंबकीय रेषा बाहेर मोकळ्या सुटतात आणि वेगवान सौरवारा निघतो. याच फोटोंत एखादा बिंदू अचानक इतका उजळतो की त्यातून आडव्या-तिरप्या रेषा फुटतात. ती सौरज्वाला असते, पण रेषा मात्र यंत्रात तयार झालेल्या. मे २०२४ मध्ये १३६६४ क्रमांकाच्या डागांच्या गटाने अशा ज्वालांची मालिकाच दिली आणि त्यानंतर पृथ्वीवर आलेल्या चुंबकीय वादळात लडाखमधल्या हानलेच्या आकाशातही लाली पसरली.

काही खुणा सूर्याच्या नसतातच. सेन्सरवरची धूळ दुर्बीण हलवली तरी चित्रात जागच्या जागी राहते, डाग मात्र थाळीबरोबर सरकतो. करडी किनार नसलेला, रेखीव गोल काळा ठिपका बुध किंवा शुक्राचा असू शकतो. ६ जून २०१२ च्या अधिक्रमणातला शुक्र तसाच दिसला होता.

दिशा नक्की करण्यासाठी सलग दोन-तीन दिवसांचे फोटो शेजारी ठेवावेत. उत्तर वर असेल, तर डाग डाव्या, म्हणजे पूर्वेच्या कडेकडून उजवीकडे जातात आणि थाळी ओलांडायला त्यांना सुमारे दोन आठवडे लागतात. ते उलट जात असतील, तर चित्र आरशातल्यासारखे उलटे आहे किंवा दक्षिण वर आहे.

तुझा,
मामा