आंघोळ करूनच आलोय

वॉटर पार्कच्या पंपरूममध्ये नोकरी करतो म्हटलं की लग्नकार्यात, एसटीत, कुठंही एकच प्रश्न येतो : ‘पाणी रोज बदलता का हो?’ नाही बदलत. एका मध्यम वेव्ह पूलमध्ये दहा-बारा लाख लिटर पाणी मावतं. आमच्या वऱ्हाडात एप्रिल-मेमध्ये गावोगाव टँकर फिरतात, त्या दिवसांत एवढं पाणी रोज नाल्यात सोडलं तर लोक आम्हालाही त्याच नाल्यात टाकतील, आणि त्यांचं काही चुकणार नाही. २०१६च्या दुष्काळात उच्च न्यायालयानं ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला लावले, ते मैदानांना लागणाऱ्या पाण्यावरूनच. पाण्याच्या जिवावर करमणूक विकणाऱ्या प्रत्येकानं ती बातमी नीट वाचली होती.

तर पाणी तेच असतं, ते फिरतं. पूलच्या काठाच्या गटरमधून बॅलन्सिंग टँकमध्ये, तिथून गाळणीतून पंपात, पंपातून रेतीच्या फिल्टरमध्ये, मग क्लोरीनचा डोस घेऊन परत पूलमध्ये. मोठ्या पूलचं पाणी साधारण चार तासांत एक फेरी पूर्ण करतं, लहान मुलांच्या पूलचं तासाभरात व्हावं लागतं. कारण उघड आहे. गुडघाभर पाण्यात शंभर पोरं म्हणजे पाणी कमी आणि पोरंच जास्त.

बाहेरच्या माणसाला वाटतं, आमची लढाई धुळीशी आणि शेवाळाशी. धूळ रेतीत अडकते, शेवाळ ब्रशनं निघतं. खरा मळ माणसाच्या अंगावरून येतो. डोक्याचं खोबरेल, तोंडाची पावडर, काखेतला स्प्रे, घाम, लग्नघरातून थेट आलेल्यांच्या अंगावरची हळद, आणि ज्याचं नाव कुणी घेत नाही ते. यातलं तेल रेतीचा शत्रू. तेलानं रेतीच्या गुठळ्या होतात आणि पाणी त्यांना वळसा घालून न गाळताच पुढं जातं. प्रेशर गेजचा काटा नेहमीपेक्षा अर्धा किलोनं चढला की बॅकवॉश मारायचा, म्हणजे पाणी उलटं सोडून रेती उकळल्यासारखी ढवळायची. काचेच्या नळीत पहिली दोन मिनिटं चहाच्या रंगाचं पाणी येतं. ते एकदा ज्यानं पाहिलं, तो परत कधी तेल लावून पूलमध्ये उतरणार नाही. पण पाहुण्यांना पंपरूम दाखवायची पद्धत नाही.

संध्याकाळी पंप बंद करून गाळणीची टोपली उघडणं हे आमच्या कामातलं सगळ्यात कमी पगाराचं आणि सगळ्यात जास्त शिकवणारं काम. केसांचा एक ओला, हाताएवढा जाड पेड असतो. त्यात टिकल्या, रबरबँड, जखमेवरच्या चिकटपट्ट्या, मनगटातून सुटलेला काळा दोरा, गुटख्याची पुडी, काळे मणी, कधी एखादा दुधाचा दात. मणी आम्ही वेगळे काढून काउंटरवर ठेवतो, कुणीतरी शोधत येतंच. आणि सगळ्यावर साय धरावी तसा सुताचा थर. हे सूत कपड्यांचं. नायलॉनच्या कॉस्च्यूमशिवाय आत सोडत नाही म्हणून आमच्याशी भांडणारे सगळे समजतात, भाड्याचे शंभर रुपये काढायचा हा धंदा आहे. धंदा आहेच, नाही कशाला म्हणू? पण सुती कपडा पाण्यात धागे सोडतो, रंग सोडतो, साबणाचा उरलेला अंश सोडतो. ओढणी तर स्लाइडच्या जोडात अडकली की गळ्याशी येते. बायकांचं म्हणणं वेगळं असतं आणि ते मला पटतं : तो कॉस्च्यूम अंगाला चिकटतो, उघडं वाटतं. पूर्ण बाह्यांचे, घोट्यापर्यंतचे, सैल नायलॉनचे कपडे काउंटरवर ठेवायला लागलो तशी भांडणं निम्म्यावर आली. नियम बरोबर असला तरी अर्ध्या माणसांना तो पाळता येईल असा कपडा नसेल, तर त्या नियमाला काही अर्थ नाही.

आता वासाबद्दल. ‘क्लोरीन लई मारलं राजेहो, डोये झोंबून राह्यले,’ अशी तक्रार दर रविवारी दुपारी येते. गंमत अशी की, ज्या पाण्यात मोकळं क्लोरीन पुरेसं असतं त्याला फारसा वास नसतो. नाकात जाणारा तो उग्र वास क्लोरीन आणि घाम-लघवी यांच्या संयोगातून बनलेल्या क्लोरामाइनचा. म्हणजे पाहुणा ज्याला औषध समजतो, ते खरं तर औषध खर्ची पडल्याचं लक्षण असतं. उपाय काय, तर आणखी क्लोरीन. हे समोरच्याला समजावून सांगायला गेलो की तो माझ्याकडे ज्या नजरेनं बघतो, ती नजर मी आता ओळखतो. त्यामुळे समजावत नाही, ‘बघतो साहेब’ म्हणतो आणि डोस वाढवतो.

क्लोरीन किती, यापेक्षा ते कुठल्या पाण्यात आहे हे महत्त्वाचं. दर दोन तासांनी पूलच्या मधोमध कोपरभर खोलातून नमुना घ्यायचा. वरचं पाणी उन्हानं खोटं बोलतं. एका नळीत डीपीडीची गोळी टाकली की मोकळ्या क्लोरीनप्रमाणे गुलाबी रंग चढतो, दुसऱ्या नळीत पीएच बघायचा. क्लोरीन एक ते तीन पीपीएम, पीएच ७.२ ते ७.८. आमचं बोअरचं पाणी काळ्या पाषाणातलं, जड. त्याचा पीएच सारखा वर चढतो. पीएच ७.५ असेल तर टाकलेल्यातलं साधारण निम्मं क्लोरीन जंतू मारायच्या कामाचं असतं, ८ झाला की जेमतेम पाव-पंचमांश उरतं. नवा ऑपरेटर गुलाबी रंग बघून खूश होतो, जुना आधी पीएच बघतो आणि ॲसिडचा कॅन उचलतो. वर पंचेचाळीस अंशांचं ऊन असतं. उघड्या पाण्यातलं साधं क्लोरीन भर दुपारी तासाभरात निम्म्यानं उडतं. ते धरून ठेवायला सायन्युरिक ॲसिड असलेल्या गोळ्या वापरतात, पण त्या सायन्युरिकचंही प्रमाण वाढत जातं आणि मग क्लोरीन असून नसल्यासारखं सुस्तावतं. त्यावर औषध नाही. तेव्हा मात्र थोडं पाणी काढून नवं भरावंच लागतं. बॅकवॉशचं पाणी एका टाकीत दोन-तीन दिवस उन्हात ठेवून, क्लोरीन उतरलं की बागेला देतो. कण्हेर त्यावर छान येते, गुलाब मात्र रुसतो.

ॲसिड आणि हायपो (क्लोरीनचं द्रावण) हे दोन कॅन आमच्याकडे दोन वेगळ्या खोल्यांत राहतात, त्यांची मापंसुद्धा वेगळ्या रंगांची. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, १९१५ साली ईप्रच्या रणांगणावर सैनिकांवर सोडला होता तोच. नवीन पोराला पहिल्या दिवशी मी बाकी काही शिकवत नाही, एवढंच तीनदा म्हणून घेतो.

आणि तरीही माझं ठाम मत आहे की पाण्याची स्वच्छता पंपरूममध्ये ठरत नाही. ती पूलच्या अलीकडं, शॉवरखाली आणि संडासात ठरते. एक मिनिट नुसत्या पाण्याखाली उभं राहिलं तरी अंगावरचा बराचसा मळ निघून जातो. पण शॉवर घ्या म्हटलं की उत्तर तयार असतं : ‘घरूनच आंघोळ करून आलो ना भाऊ, पुन्हा कायले करू?’ आंघोळ सकाळी सहाला झालेली असते. नंतर चाळीस किलोमीटर बोलेरोत बारा जण दाटून आलेले, वाटेत पोहे आणि उसाचा रस. पण आंघोळ न करता बाहेर पडणारा माणूस म्हणजे आपल्याकडं शिवीच, त्यामुळे शॉवर घ्या म्हणणं त्यांना लागतं. ‘शॉवर घेणे बंधनकारक आहे’ अशी पाटी लावली की माणसं तिला वळसा घालून जातात. मग पार्कनं वाटच बदलली. कपडे बदलायच्या खोलीतून पूलकडे जाणारी एकच वाट, तिला दोन वळणं, वरून न थांबणारं पाणी, खाली पाय बुडतील एवढा उथळ हौद. आता तिथं कुणी कुणाला काही सांगत नाही. पोरं तर त्यालाच पहिली राइड समजून ओरडतात.

संडासाचं गणित याहून सरळ आहे. बायकांच्या संडासात चिखल असला, कडी लागत नसली, रांग असली, की ते काम पाण्यात होतं. म्हणून रसायनांच्या खर्चात कपात करायची असेल तर हाउसकीपिंगला दोन बाया वाढवा, असं मी मालकांना दर सीझनला सांगतो. मे महिन्यात हाउसकीपिंगच्या बायका दर वीस मिनिटांनी फरशी कोरडी करतात. पूलचं पाणी निळं दिसतं याचं कौतुक माझ्या वाट्याला येतं, त्यांना मात्र कोणी विचारतही नाही.

कधीतरी शिट्टी वाजते आणि लाइफगार्ड दोन बोटं दाखवतो, म्हणजे पोराची शी पाण्यात. किड्स पूल रिकामा. घट्ट असेल तर जाळीनं उचलून, क्लोरीन दोनवर ठेवून अर्धा तास थांबलं तरी चालतं, कारण साधे जंतू योग्य क्लोरीनमध्ये मिनिटभरही टिकत नाहीत. पातळ असेल तर मामला वेगळा. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी नेहमीच्या क्लोरीनमध्ये आठवड्याहून जास्त तग धरतो. त्याला मारायचं तर वीस पीपीएमचा डोस आणि पावणेतेरा तास, म्हणजे रविवार गेलाच. २००५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका कारंज्यांच्या पार्कमध्ये हाच परजीवी शिरला आणि हजारो माणसं जुलाबानं आजारी पडली. त्याआधी १९९८ला जॉर्जियातल्या एका वॉटर पार्कमध्ये लहानग्यांच्या पूलमधून ई. कोलाय पसरला, क्लोरीन कमी पडलं होतं, एक मूल दगावलं. हे दोन दाखले मी मॅनेजरसाठी तोंडपाठ ठेवले आहेत. पूल बंद ठेवायचा म्हटलं की तिकीटखिडकीवरून फोन येतो, तेव्हा कामाला येतात. आणि पोराच्या आईवर ओरडायचं नाही, ही आमच्याकडं सक्त ताकीद. आज एकीला चारचौघांत बोललात तर उद्या दुसरी गुपचूप पोर उचलून निघून जाईल आणि आम्हाला कळणारही नाही.

मृग लागला की गर्दी आटते आणि पार्क बंद होतं. लोकांना वाटतं आता सुट्टी. खरं दुरुस्तीचं काम तेव्हाच. फायबरच्या स्लाइडवरचा जेलकोट उन्हानं खरखरीत होतो, तो घासून पॉलिश करायचा. जोडांतलं सिलिकॉन उकरून नवं भरायचं, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात पाठी सोलून निघतात. पूल मात्र पूर्ण रिकामा करायचा नाही. इथली जमीन काळी, पावसात फुगते, खालून पाण्याचा दाब येतो आणि रिकामी टाकी उचलली जाऊन फरशी तडकते. पाणी ठेवायचं तर डास होतात. म्हणून क्लोरीन बंद करून आम्ही पाण्यात गप्पी मासे सोडतो. जिथं चार महिने एक जंतू जगू दिला नाही तिथं मासे वाढवायचे, हे माझ्या बायकोला फार विनोदी वाटतं.

याच दिवसांत मालकांशी खर्चाची बोलणी होतात. दरवर्षी त्यांच्या टेबलावर नव्या स्लाइडचं रंगीत पत्रक असतं आणि माझ्या हातात रेती बदलायचं कोटेशन. स्लाइडचा फोटो फ्लेक्सवर छापता येतो, रेतीचा कोण छापणार? तरी आठवडाभर मागं लागलं की रेती मंजूर होते, निम्मी का होईना.

तुम्ही कुठल्याही वॉटर पार्कमध्ये जाल तेव्हा पाण्याच्या निळेपणाकडं बघू नका, तो बराचसा फरशीचा रंग आहे. काठावर उभं राहून सगळ्यात खोल जागेच्या तळाची जाळी स्पष्ट दिसते का बघा. पाण्याच्या रेषेशी फरशीवर बोट फिरवा, बुळबुळीत लागता कामा नये. संडासात एक चक्कर मारा. मग लाइफगार्डला क्लोरीन-पीएचचं रजिस्टर मागा. आजवर आमच्याकडं एकाही पाहुण्यानं ते मागितलेलं नाही, आणि मागावं अशी माझी फार इच्छा आहे. आजच्या तारखेत दोन-दोन तासांच्या नोंदी दिसल्या तर खुशाल उतरा. सकाळीच संध्याकाळपर्यंतचे आकडे एका पेनानं भरलेले दिसले, तर तिकिटाचे पैसे परत मागा आणि पोरांना घेऊन समोरच्या रसवंतीवर जाऊन बसा.