बेसूर वाजवायला जागा

सॅक्सोफोन वर्षानुवर्षं पेटीत पडून राहिला की आधी त्याचे पॅड जातात. प्रत्येक भोकावर बसणारी ती चामड्याची चकती वाळते, कडक होते आणि कडेने हवा निसटू लागते. जी-शार्पची की हमखास चिकटून बसते. नेकवरचं बूच सुकतं, माउथपीस डगडगतो. हे सगळं कारागीर नीट करून देतो. पैसे बरेच लागतात, पण वाद्य पुन्हा बोलू लागतं. वाजवणाऱ्याचं काय काय बिघडलंय, ते पहिली फुंक मारल्यावर कळतं.

बोटं काही विसरत नाहीत. कॉलेजच्या दिवसांत मी ऑर्केस्ट्रात ऑल्टो सॅक्सोफोन वाजवायचो. ‘कश्मीर की कली’मधल्या (1964) शम्मी कपूरच्या झिंगलेल्या गाण्यात मनोहारी सिंगांचा सॅक्सोफोन ऐकून जे बिघडले, त्यांतला मी एक. मग नोकरी, संसार, बदल्या, आणि पेटी माळ्यावर. इतक्या वर्षांनी वाद्य गळ्यात अडकवलं, तर बोटांनी बी-फ्लॅटची स्केल आपणहून धरली. ओठ मात्र पार परके झाले होते. ओठांच्या कडेचे स्नायू थोड्याच वेळात थरथरायला लागतात, खालच्या ओठाला आतून दात रुततात आणि सूर खाली घसरतो. पूर्वीची तीन नंबरची रीड आता फुंकवत नाही. तिच्याहून मऊ, दोनच्या रीडवर यावं लागलं. त्यात कानांचा जाच निराळा. मी वाजवत नव्हतो त्या काळातही ते ऐकतच होते, त्यामुळे आणखी तिखट झालेत. आपण किती वाईट वाजवतोय हे नवशिक्याला कळत नाही, हे त्याचं नशीब. परतून आलेल्याला सगळं कळतं.

यावर इलाज एकच, लाँग टोन. एक सूर धरायचा आणि छातीतली हवा संपेपर्यंत तो हलू द्यायचा नाही. गवयांचा पहाटेचा खर्ज तो हाच. त्यात ऐकण्यासारखं काही नसतं, आणि ते महिनोन्‌महिने करावं लागतं.

आता हे मुंबईतल्या वन बीएचकेमध्ये करून दाखवा. भिंतीपलीकडे कुणाची तरी बारावी असते, वरच्या मजल्यावर कुणी आजारी असतं, कुणाची रात्रपाळी संपून नुकता डोळा लागलेला असतो. त्यांची तक्रार मुळीच चूक नाही. अडॉल्फ सॅक्सने 1846 साली पॅरिसमध्ये या वाद्याचं पेटंट घेतलं, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर लष्करी बँड होते. मोकळ्या मैदानात लाकडी वाद्यांचा आवाज दबून जाई. तो दबू नये म्हणून हे पितळी धूड. ते बंद खोलीत मावणार कसं? या शहरात चांगलं वाजवणाऱ्यासाठी सभागृहं आहेत, वाईट वाजवणाऱ्यासाठी हातभर जागा नाही. आणि वाईट वाजवल्याशिवाय चांगलं वाजवता येत नाही, ही यातली अडचण.

म्हणून मी आरे दुग्धवसाहतीत जातो. गोरेगावच्या चेकनाक्यातून आत शिरायचं, तबेल्यांचा वास मागे टाकायचा आणि एखाद्या युनिटच्या आडरस्त्यावर झाडाखाली उभं राहायचं. 1949 साली शहरातले गोठे बाहेर काढून इथे वसवले गेले. सुमारे 3,160 एकर जमीन. पुढे सिनेमावाले आले, छोटा काश्मीरमध्ये नायक-नायिका गाऊ लागले. माझ्या सुरांना तिथल्या म्हशींनी अजून तरी हरकत घेतलेली नाही. पक्ष्यांचं सांगवत नाही, म्हणून मी जंगलाकडे पाठ आणि रस्त्याकडे तोंड करून वाजवतो.

हे वेड माझं एकट्याचं नाही. सनी रोलिन्स हा न्यूयॉर्कचा सॅक्सोफोनवादक कीर्तीच्या शिखरावर असताना 1959 साली मैफली सोडून घरी बसला. आपलं वाजवणं आपल्यालाच पुरेसं वाटत नाही, हे त्याचं कारण. शेजारी एक गरोदर बाई राहत होती. तिला त्रास नको म्हणून तो वाद्य घेऊन विल्यम्सबर्ग पुलावर जायचा आणि आगगाड्यांच्या खडखडाटात तासन्‌तास वाजवायचा. दोन वर्षांनी तो परतला आणि 1962 साली ‘द ब्रिज’ ही तबकडी आली. साठचं दशक संपता संपता तो पुन्हा थांबला. त्या काळात काही महिने तो राहिला पवईच्या एका आश्रमात, योग आणि ध्यान शिकत. आरेतून मरोळच्या बाजूला बाहेर पडलं की पवई कितीशी लांब? 1978 साली मुंबईत पहिला ‘जॅझ यात्रा’ महोत्सव झाला, तेव्हा तो इथे वाजवायलाही आला. जगातल्या एवढ्या मोठ्या वादकाला दोन-दोनदा थांबावंसं वाटतं, तर आपल्या माळ्यावरच्या पेटीची लाज कशाला?

आरे मोकळं आहे असं समजून येणाऱ्यांना एक सांगायला हवं: ते मोकळं नाही. इथे वारल्यांचे आणि इतर आदिवासींचे पाडे आहेत, दुग्धवसाहतीच्या कितीतरी आधीचे. वारल्यांचा तारपाही रीडवरच वाजतो. वाळलेला भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. तारपकरी गालात हवा साठवून नाकाने श्वास घेत राहतो, त्यामुळे नाच चालू असेतो सूर तुटत नाही. एका पाड्यावरचे आजोबा एकदा माझे लाँग टोन ऐकत उभे राहिले आणि म्हणाले, “दम मधेच का सोडता?” इतकी नेमकी टीका माझ्या वाजवण्यावर दुसऱ्या कुणी केलेली नाही.

2019च्या ऑक्टोबरमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी इथली दोन हजारांहून अधिक झाडं पडली. आरे वाचवा म्हणताना झाडांचं, बिबट्यांचं, पाड्यांचं नाव घेतलं जातं, आणि तेच आधी घेतलं पाहिजे. त्यांच्यामागे आम्हालाही मोजा: ज्यांना घरी बेसूर होण्याची सोय नाही असे लोक. माझ्याशिवाय एक ट्रम्पेटवालाही येतो इथे. तो माझ्याहून वाईट वाजवतो.

तुमच्याही माळ्यावर पेटी असेल तर उतरवा. पॅड बदलून घ्या, धोबीतलावला जाऊन दोन नंबरच्या रीड आणा आणि या. पाड्यांपासून लांब उभे राहा, कचरा टाकू नका. आणि उजाडल्यावरच या. अंधारात बिबट्या फिरतो.