कडूपणाचा आधार

इम्पीरियल स्टाउटची बाटली फ्रीजमधून काढून कुणी थेट ग्लासात ओतायला लागलं, की मी थांबवते. थोडा वेळ तशीच राहू दे टेबलावर. गारठ्यात या बिअरचा वास दबतो, गोडवा जिभेला लागत नाही आणि उरतो तो नुसता कडूपणा. १० ते १३ अंश सेल्सिअसला तीच बिअर मोकळी होते. थंडगार लागरची सवय असलेल्यांना हे विचित्र वाटतं, पण ९-१० टक्के अल्कोहोलची बिअर घटाघटा प्यायची नसतेच.

रंगावर मी वेळ घालवत नाही. काळा तो काळा. ग्लास तिरका करून कड उजेडासमोर धरली तर लालसर तपकिरी रेघ दिसते, एवढंच. फेस दाट, दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचा असतो आणि लवकर बसतो. अल्कोहोल जास्त असलं की फेस तग धरत नाही, त्यामुळे परीक्षक म्हणून त्याचे गुण मी कापत नाही.

खरं काम नाकाचं. पहिल्यांदा हुंगलं की अल्कोहोलच पुढे येतं, म्हणून तो वास सोडून द्यायचा. मग ग्लास हलकेच फिरवून, नाक जरा दूर धरून, दोन छोटे श्वास. कॉफी आणि कोको लगेच कळतात. त्यांच्या मागून काकवी, मनुका, सुकवलेले आलुबुखार, कधी ज्येष्ठमध. यातलं काहीही बिअरमध्ये घातलेलं नसतं, हे पहिल्यांदा चाखणाऱ्याला पटवणं अवघड जातं. माल्ट, यीस्ट आणि मुरायला दिलेला वेळ, यांतूनच हे वास येतात.

काळं, म्हणजे खूप भाजलेलं, माल्ट एकूण धान्यात बहुधा दहाव्या हिश्शाच्या आतबाहेर असतं, पण साऱ्या बिअरवर हुकमत त्याची. थालीपिठाच्या भाजणीत एक धान्य जरा जास्त भाजलं गेलं तरी सगळ्या पिठाला तो वास लागतो, तसंच हे. शिवाय काळं माल्ट आम्लधर्मी. पाणी मऊ असेल तर मॅशचा, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेल्या माल्टचा, तोल आंबटाकडे झुकतो आणि चव बोचरी होते. लंडनच्या विहिरींच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर, ते या आम्लाला सांभाळून घेतं. काळ्या बिअरनं त्या शहरात मूळ धरलं, त्यात पाण्याचा वाटा मोठा आहे. मी स्वतः बिअर बनवताना काळं माल्ट मॅशच्या शेवटी शेवटी घालते. रंग पुरेसा उतरतो, बोचरेपणा मागे राहतो.

लंडनच्या साउथवर्क भागातल्या थ्रेलच्या ब्रुअरीतून अठराव्या शतकात तगडी पोर्टर, म्हणजे आजच्या इम्पीरियल स्टाउटची पूर्वज, रशियाला जायची. चित्रकार जोसेफ फॅरिंग्टन यांनी १७९६ च्या रोजनिशीत ती प्यायल्याची नोंद केली आहे. रशियाच्या सम्राज्ञी कॅथरिनसाठी ती खास बनवलेली आहे आणि सात वर्षं टिकेल, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. ब्रुअरी १७८१ मध्येच विकली गेली होती, पण लोकांच्या तोंडी नाव थ्रेलचंच. कॅथरिनच्या दरबारातली ती बिअर आजच्यासारखी लागत नसणार. डॅनियल व्हीलर यांनी फिरत्या पिंपात माल्ट भाजण्याचं पेटंट घेतलं ते १८१७ मध्ये. त्याआधी रंग यायचा तो ब्राऊन माल्टमधून. आपण आज ज्याला स्टाउटची कॉफी म्हणतो, ती चव त्या पिंपानंतरची आहे.

जुन्या वळणाची चव कळावी म्हणून मी नवशिक्यांना ससेक्समधल्या लुईस गावच्या हार्वीज ब्रुअरीची इम्पीरियल एक्स्ट्रा डबल स्टाउट चाखायला सांगते. अल्कोहोल ९ टक्के. तिच्यामागची परंपरा जुनी. व्यापारी ए. ले कॉक लंडनची स्टाउट बाल्टिककडे पाठवायचे. पुढे त्यांच्या कंपनीनं १९१२ मध्ये टार्टूला, आजच्या एस्टोनियात, ती बनवायला घेतली. हार्वीजनं तीच परंपरा पुन्हा उभी केली. सुरुवातीच्या बाटल्यांमध्ये काही महिन्यांनी आंबवण पुन्हा सुरू झाली आणि बुचं वर सरकू लागली. डेबॅरियोमायसिस नावाचं यीस्ट आत काम करत होतं. त्यानंच या बिअरला तिचा स्वभाव दिला. घोट जाड, जवळजवळ तेलकट. आधी काकवीचा गोडवा, मग कातड्याचा वास, मधेच आंबटाची एक धार, आणि गिळल्यावर छातीत उतरणारी ऊब. कडूपणा सगळ्यात शेवटी येतो आणि बराच वेळ थांबतो. माझी सगळी पारख त्या थांबण्यात आहे. तो खरपूस राहिला तर बिअर उत्तम. घशाला राखेची चव चिकटली तर माल्ट करपलेलं आहे, आणि मग नुसता गोडवा वाढवून काही साधत नाही.

आजकाल मात्र तेच केलं जातं. व्हॅनिला, नारळ, दुधातली साखर असं काय काय घालून स्टाउटची मिठाई करतात. पहिला घोट आवडतो, तिसऱ्याला जीभ कंटाळते. इतक्या घट्ट बिअरला उभं राहायला हॉप्सचा आणि भाजलेल्या धान्याचा कडूपणा लागतो. तो काढला की पाक उरतो. भारतात बिअरला ८ टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे पुण्यात माझ्या टाकीतली स्टाउट अंगानं लहानच राहते. पण कडूपणा मी कमी करत नाही, गिऱ्हाइकानं सांगितलं तरी.

मुरलेल्या बाटलीबद्दल परीक्षकांत नेहमी वाद होतो. काही वर्षांनी हॉप्स मावळतात, शेरी वाइनसारखा सुक्या फळांचा वास वर येतो, आणि त्याबरोबर सोया सॉसची खारट छटा. मेलेलं यीस्ट विरघळू लागलं की ती येते. अनेक जण ती जाणवताच बिअर बाद करतात. मी ग्लास आणखी थोडा वेळ ठेवते, परत चाखते. मनुका आणि कोको यांच्या खाली ती छटा दबून असेल तर मी पूर्ण गुण देते. बाकी सगळ्यांना झाकून तीच बोलत असेल, तर बाटली वेळेत उघडली नाही, असं शेरापत्रकात लिहिते.