गुजरीपर्यंतची वाट

आमच्या गावाच्या नावातच बाजार आहे. चांदूर बाजार म्हटले की परगावचा माणूस हमखास विचारतो, "मग बाजार मोठा भरत असेल?" भरतो. परंतु आठवडी बाजाराचे मला काही सांगायचे नाही. सांगायचे आहे ते आमच्या घराजवळ सायंकाळी बसणाऱ्या लहानशा गुजरीचे. वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी खुलासा करतो: गुजरी म्हणजे रोजचा भाजीबाजार.

दहा-बारा बाया पोती अंथरून बसत. सांभार, अंबाडी, वांगी, भेदरे. एका टोकाला आलूबोंडा आणि गिलावड्याची गाडी. माझी आई पाचच्या सुमारास पिशवी घेऊन निघे, ती दिवेलागणीला परते. अंतर जाऊन-येऊन जेमतेम एक किलोमीटर; पण मध्ये कडुनिंबाखालच्या ओट्यावर टेकणे होई, कोणाच्या सुनेची चौकशी होई, आणि "काहून वं माय, एवढी महाग?" असा रोजचा लटका तंटाही होई. आईचे वय एकाहत्तर, साखर पंधरा वर्षांची आणि गुडघे त्याहून जुने. तरी ती चालत असे.

मग रस्ता नवा झाला. काँक्रीट आले, वाहने भरधाव जाऊ लागली. कडुनिंब गेला, त्याखालचा ओटा गेला आणि बायांना मोठ्या रस्त्यापलीकडची जागा दाखवण्यात आली. आईने दोनदा तो रस्ता ओलांडून पाहिला. तिसऱ्यांदा गेली नाही. भाजी मी आठवड्यातून एकदा गाडीवरून आणू लागलो. पालेभाजी टिकत नाही म्हणून आपोआपच बटाटे, कांदे वाढले. चार महिन्यांनी तपासणीत साखर चांगलीच चढलेली निघाली. डॉक्टरांनी विचारले, "आजी, चालणे का सोडले?"

"म्या चालनं नाही सोळलं डाक्टरसायेब, जाची जागाच सरली."

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दिवसाला ४०० ग्रॅम फळे-भाज्या सांगते. आईने हे आकडे कधी ऐकले नव्हते. ते तिच्या पिशवीतच होते. तिला 'फिरायला जा' म्हटले, तर ती "रिकामी कुठं हिंडू?" असे विचारते, आणि मला तिचा प्रश्न रास्त वाटतो.

एका रविवारी मी टेप घेऊन रस्ता मोजला. भिंतीपासून भिंतीपर्यंत नऊ मीटर. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पायवाट किमान १.८ मीटर मोकळी हवी, आणि तिचा कठडा १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नको. गुडघे दुखणाऱ्यास याहून उंच पायरी नकोशी होते. वाहनांना साडेपाच मीटर दिले, एका बाजूस पायवाट केली, तरी १.७ मीटर उरतात. त्यात बाया बसू शकतात, दोन झाडे लागतात, एक ओटाही मावतो. रस्ता अरुंद नव्हताच.

गाडीवरच्या खाण्याविषयी घरोघरी शंका असते. माझ्या पत्नीलाही आहे, आणि ती निराधार नाही. मात्र वडा उकळत्या तेलातून निघतो. धोका असतो तो चटणीत, दह्यात आणि ताटल्या विसळण्याच्या पाण्यात. नळ आणि सांडपाण्याची नाली गाडीजवळ असेल, तर निम्मी शंका फिटते. दिवसभर बसणाऱ्या बायांसाठी स्वच्छतागृह हवे, हे तर नकाशा काढताना कोणाच्या मनातही येत नाही. पाणी कमी पिऊन दिवस काढणाऱ्या त्या बायांच्या मूत्रविकारांची नोंद कोण ठेवणार? याच जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेले गाडगेबाबा दिवसा गाव झाडत आणि रात्री तिथेच कीर्तनाला उभे राहत. माणसे जमण्याची जागा आणि झाडण्याची जागा त्यांच्या लेखी एकच होती.

२०१४ च्या पथविक्रेता अधिनियमात सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणास हटवू नये असे आहे. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेते हवेत, आणि त्यांत एकतृतीयांश स्त्रिया. हे वाचून आम्ही शेजाऱ्यांनी अर्ज केला, सोबत माझे मोजमाप जोडले. उत्तर यायचे आहे. तूर्त तीन बाया जुन्या जागी, एका छत्रीखाली, परतल्या आहेत.

गेल्या आठवड्यात आईला घेऊन निघालो. निम्म्या वाटेवर ती थांबली. टेकायला काही नव्हते. तेव्हापासून रोज पाच वाजता मी घरातली प्लॅस्टिकची खुर्ची तिथे नेऊन ठेवतो आणि दिवे लागल्यावर परत आणतो. काल आणायला गेलो, तर तिच्यावर पलीकडच्या गल्लीतले एक आजोबा बसले होते, आणि आई उभ्याने त्यांना भेदऱ्यांचा भाव सांगत होती.